इन्चार्ज सिस्टर घडते कशी आणि वॉर्ड टिकतो कशामुळे

प्रश्न थोडक्यात असा आहे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या १२० खाटांच्या एका ट्रस्ट रुग्णालयात अकरा वर्षं काम केलेल्या सिस्टर तीन महिन्यांपूर्वी मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या प्रमुख, झाल्या. नव्या नर्स मुली वर्षभरही टिकत नाहीत. एकेक वॉर्ड सांभाळणाऱ्या इन्चार्ज सिस्टर रजिस्टरांतून डोकं वर काढत नाहीत, आणि त्यांच्यातल्या सगळ्यात चांगल्या इन्चार्जने राजीनामा लिहून ठेवला आहे. व्यवस्थापन म्हणतं, बाहेरचा वक्ता बोलावून दोन दिवसांचं नेतृत्व-शिबिर घेऊ. त्याने फरक पडेल का, आणि पडणार नसेल तर सुरुवात कुठून करावी, असं त्यांनी विचारलं आहे.

सिस्टर, शिबिराला माझा विरोध नाही, पण ते आत्ता नको. मी अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) म्हणून लागले आणि ३४ वर्षांनी सहायक अधिसेविका (असिस्टंट मेट्रन) म्हणून निवृत्त झाले. त्यानंतर दोन ट्रस्ट रुग्णालयांत नर्सिंगचं काम बसवून दिलं. अशी शिबिरं मी पुष्कळ पाहिली. मुली दोन दिवस छान ऐकतात, फोटो निघतात, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच वॉर्डात त्याच इन्चार्जसमोर त्याच भीतीने उभ्या राहतात. वॉर्डातली भीती कमी केल्याशिवाय शिबिरातलं काही रुजत नाही.

तुमच्या वॉर्डात नेतृत्व आहे की नाही, हे ओळखायची माझी एकच खूण आहे. रात्री अडीच वाजता सहा महिन्यांच्या अनुभवाच्या मुलीच्या हातून काही चुकलं, किंवा पेशंटचं काही ठीक दिसत नाही असं तिला वाटलं, तर ती किती मिनिटांत कोणाला सांगते? पाच मिनिटांत सांगत असेल तर वॉर्ड निरोगी आहे. सकाळच्या ओव्हरपर्यंत, म्हणजे पुढच्या पाळीला वॉर्ड सोपवेपर्यंत, मनात ठेवत असेल, तर भिंतीवर कितीही बोधवाक्यं लावा, उपयोग नाही. पुढचं सगळं उत्तर मी या एका खुणेला धरूनच देते आहे.

हे मी कुठे शिकले ते सांगते. नोकरीचं दुसरं वर्ष होतं, बाळंतिणींचा वॉर्ड, मी एकटी नाईटला. संध्याकाळी सीझर झालेली एक बाई होती. बाराला तिची नाडी ९६ होती. एकला ११२ झाली, आणि तासाभरात दोन पॅड बदलावे लागले होते. मी निवासी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ‘ऑपरेशन झालंय, थोडं ब्लीडिंग होणारच. मला शिकवू नका.’ फोन ठेवला गेला. मी रिपोर्ट बुकात वेळ लिहिली आणि दर पंधरा मिनिटांनी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. पुन्हा फोन करायला हात उचलेना. अडीचला तिचे हात गार लागले, नाडी १३० च्या पुढे गेली, तेव्हा धावत जाऊन दुसऱ्या वॉर्डातल्या सिनियर सिस्टरना उठवलं. थिएटर उघडलं, रक्त चढलं, बाई वाचली. तिसऱ्या दिवशी माझ्या हातात मेमो आला: ‘रुग्णाची प्रकृती खालावत असताना वरिष्ठांना वेळेत कळविले नाही, याचा लेखी खुलासा २४ तासांत सादर करावा.’

आमच्या इन्चार्ज सिस्टरांनी मेमो वाचला, घडी घालून पदरात ठेवला आणि मला घेऊन थेट अधीक्षकांकडे गेल्या. तिथे त्या आवाज न चढवता एवढंच म्हणाल्या, ‘हिने एक वाजता कळवलं होतं, पुस्तकात वेळ आहे. दुसरा फोन कोणाला करायचा, हे आपण हिला कधी सांगितलं होतं?’ खोलीत कोणाकडेच उत्तर नव्हतं. त्या आठवड्यात वॉर्डातल्या फोनशेजारी एक कागद चिकटला: दहा मिनिटांत डॉक्टर आले नाहीत तर दुसरा फोन कोणाला, तिसरा कोणाला, आणि खाली अधीक्षकांची सही. मला खुलासा लिहावा लागला नाही. पण त्याहून मोठं म्हणजे, त्यानंतर दुसरा फोन करायला मी कधी थांबले नाही. मी सेवानिवृत्त होईपर्यंत ज्या ज्या वॉर्डात गेले तिथे तो कागद पहिल्या आठवड्यात लावला.

त्या इन्चार्ज सिस्टरांना कोणी नेतृत्वाचं प्रशिक्षण दिलं नव्हतं. पण मेमो कोणाला द्यायचा हे ठरवण्याआधी व्यवस्थेत भोक कुठे आहे, हे विचारायची त्यांची रीत होती. ही रीत शिकवता येते, आणि पिढ्यान्‌पिढ्या उचललीही जाते. त्यांचं पाहून मी उचलली, माझं पाहून आणखी काहींनी उचलली.

आता आपण इन्चार्ज नेमतो कशा ते पाहा. सेवाज्येष्ठतेची यादी काढतो, जागा रिकामी झाली की पुढचं नाव. सोमवारी संध्याकाळपर्यंत ती स्टाफ नर्स असते, मंगळवारी सकाळी तिच्या हातात कपाटाच्या किल्ल्या येतात. त्याबरोबर डेड स्टॉक (वॉर्डातलं टिकाऊ सामान), लिननचा म्हणजे चादरी-कपड्यांचा हिशोब, ब्रेकेज, औषधांचे इंडेंट (मागणीपत्रं), ऑक्सिजनचं रजिस्टर, बायोमेडिकल वेस्टचं रजिस्टर. एक चादर कमी भरली तर जबाब तिला द्यावा लागतो. चार पेशंटना बेडसोर (पडून राहून होणाऱ्या जखमा) झाले तर कोणी विचारत नाही. मग तिचं लक्ष कुठे राहील? एका रुग्णालयात मी तीन दिवस एका इन्चार्जच्या शेजारी नुसती बसून राहिले. सहा तासांच्या ड्युटीत ती पेशंटजवळ पाऊण तासही नव्हती. बाकी वेळ लॅबला फोन, फार्मसीशी वाद, मावशी आल्या नाहीत म्हणून दुसऱ्या वॉर्डातून मावशी मागणं आणि सह्या. बाई हुशार होती, प्रेमळ होती. आपण तिला भांडारपाल करून ठेवलं होतं.

म्हणून तुमच्या व्यवस्थापनाला माझा पहिला सल्ला असा: शिबिराचे पैसे घ्या आणि त्यात थोडी भर घालून दोन-तीन वॉर्डांत मिळून एक क्लार्क द्या. लिनन, डेड स्टॉक, दुरुस्तीच्या तक्रारी, लॅबचे रिपोर्ट गोळा करणं हे सगळं त्याच्याकडे. इन्चार्जकडे फक्त धोक्याच्या औषधांची किल्ली आणि क्रॅश कार्ट (तातडीच्या उपचारांची गाडी) राहू द्या. एवढ्यावर सहा तासांतले दोन तास मोकळे होतात. त्या दोन तासांत ती नव्या मुलीच्या शेजारी उभी राहू शकते, आणि माझ्या मते इन्चार्जचं मुख्य काम हेच आहे.

हे माझ्या एकटीचं मत आहे असं नाही. १९८० च्या सुमारास अमेरिकेत परिचारिकांचा मोठा तुटवडा होता. त्या काळातही काही रुग्णालयांतून नर्स सोडून जात नव्हत्या. असं का, म्हणून तिथल्या नर्सिंग अकादमीने १६३ रुग्णालयं पाहिली आणि त्यांतली ४१ निवडली. लोहचुंबकासारखी माणसं धरून ठेवतात म्हणून त्यांना ‘मॅग्नेट’ रुग्णालयं हे नाव पडलं. तो अहवाल १९८३ चा. तिथे सापडलेल्या गोष्टी साध्या होत्या: वरच्या सिस्टर वॉर्डात दिसतात, ऐकतात, वॉर्डाचे निर्णय वॉर्डातच होतात, डॉक्टर नर्सला सहकारी मानतात, मनुष्यबळ पुरेसं असतं. २००५ मध्ये तिथल्या अतिदक्षता परिचारिकांच्या संघटनेने निरोगी कामाच्या जागेचे सहा निकष जाहीर केले: नेमकं बोलता येणं, खरं सहकार्य, निर्णयात वाटा, पुरेसं मनुष्यबळ, मनापासूनचं कौतुक आणि सच्चं नेतृत्व. ही यादी भिंतीवर लावू नका. तुमच्या दर महिन्याच्या इन्चार्ज मीटिंगमध्ये एका वेळी एकच निकष घ्या आणि ‘आपल्याकडे हे कुठे अडतं’ एवढंच विचारा.

मनुष्यबळाचं बोलायलाच हवं, कारण नेतृत्वाच्या गोड बोलण्याखाली ते नेहमी लपवलं जातं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा, नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २००२ मध्ये आला. शस्त्रक्रियेच्या रुग्णांमध्ये, एका नर्समागे एक पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. आणि नर्सेसचं थकून जाणं, नोकरीवर नाराज होणं, तेही प्रत्येक जास्तीच्या पेशंटबरोबर वाढत होतं. कॅलिफोर्नियात १९९९ मध्ये कायदा झाला, २००४ पासून लागू झाला, आणि २००५ पासून साध्या वॉर्डात कोणत्याही वेळी एका नर्सकडे पाचपेक्षा जास्त पेशंट देता येत नाहीत.

आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेचे निकष आहेत: विद्यार्थी जिथे शिकतात अशा रुग्णालयात तीन खाटांमागे एक नर्स, इतर रुग्णालयांत पाच खाटांमागे एक, वर रजेसाठी ३० टक्के राखीव. ऐकायला कॅलिफोर्नियासारखंच वाटतं, पण फरक पाळीचा आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हे प्रमाण तिन्ही पाळ्या मिळून धरतात. तीस खाटांच्या वॉर्डाला सहा नर्स आणि दोन राखीव, म्हणजे आठ. कागद पूर्ण. पण सकाळी तीन, दुपारी दोन, एक नाईटला, एक नाईट-ऑफ, एक सुट्टीवर, असं मांडलं की रात्री तीस पेशंटमागे एकच मुलगी उरते. विश्वस्तांसमोर प्रमाणाचा आकडा घेऊन जाऊ नका. गेल्या महिन्यातल्या प्रत्येक रात्री प्रत्येक वॉर्डात किती पेशंट होते आणि किती नर्स होत्या, हा एका पानाचा तक्ता घेऊन जा. त्याच पानावर त्या रात्री किती पेशंट पडले, किती जणांच्या सलाईनच्या जागा सुजल्या, किती मुली आजारी पडल्या ते लिहा. मी हा तक्ता दोनदा वापरला आहे आणि दोन्ही वेळा माणसं मिळाली. मागितली तेवढी नाहीत, पण मिळाली.

पगाराबद्दल थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली की २०० हून अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयात नर्सचा पगार राज्य सरकारच्या नर्सइतका असावा, १०० हून अधिक खाटा असतील तर त्याहून फार तर १० टक्क्यांनी कमी असावा. तुमचं रुग्णालय १२० खाटांचं आहे, म्हणजे ही दुसरी ओळ तुमची. तुम्ही कुठे आहात ते मला ठाऊक नाही, पण हा आकडा तुम्हाला तोंडपाठ असायला हवा. आणि मुलींची मूळ प्रमाणपत्रं कार्यालयाच्या कपाटात अडकवून ठेवली असतील, तर या महिन्यात परत करा. कागद अडकवून माणूस टिकत नाही, तो फक्त मनाने आधी निघून जातो.

आता ड्युटी लिस्ट. माझा असा ठाम अनुभव आहे की वॉर्डातली निम्मी कटुता या एका कागदातून येते. कोणाला सलग नाईट लागते, कोणाची दिवाळी दरवर्षी घरी होते, कोणाचा डीओ (साप्ताहिक सुट्टी) मागितल्याबरोबर मिळतो, हे मुली बरोब्बर लक्षात ठेवतात. बोलत नाहीत, पण विसरतही नाहीत. एका वॉर्डात मी गेले तेव्हा भांडण गणपतीवरून होतं. कोकणातल्या तीन मुली, तिघींनाही गौरीपर्यंत सुट्टी हवी. केरळच्या दोघी, त्यांना ओणम आणि नाताळ. नगरकडची एक, तिच्या घरी दिवाळीत पाडव्याला सगळं कुटुंब जमायचं. आधीच्या इन्चार्ज दरवर्षी आपल्या मनाने ठरवायच्या, आणि दरवर्षी कोणीतरी रडायचं.

मी जुन्या तीन वर्षांच्या ड्युटी लिस्टा काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. कोणाला कोणता सण मिळाला ते एका वहीत उतरवायला त्यांनाच सांगितलं. अर्ध्या तासात चित्र उघड झालं. केरळच्या दोघींनी सांगितलं, गणपतीत आम्ही नाईट करतो, नाताळात आम्हाला पाच दिवस सलग द्या. कोकणातल्या तिघींनी आपसांत चिठ्ठ्या टाकून एकीने त्या वर्षी थांबायचं ठरवलं, आणि पुढच्या वर्षी तिचं नाव पहिलं, हे वहीत लिहिलं गेलं. ती वही पुढे त्या वॉर्डात कायम राहिली. मी फक्त तीन अटी घातल्या होत्या: इव्हिनिंग करून दुसऱ्या दिवशी मॉर्निंग नाही, नाईटनंतरची सुट्टी कोणाचीही कापायची नाही, आणि प्रत्येक पाळीत किमान एक दोन वर्षांहून जुनी मुलगी हवी. बाकी लिस्ट त्यांची.

हे सांगायचं कारण दुसरंच आहे. त्यानंतर मी दर महिन्याला लिस्ट करायचं काम पाळीपाळीने तीन ते पाच वर्षं झालेल्या मुलींना दिलं. पहिल्या महिन्यात जिने केली ती चौथ्या दिवशी माझ्याकडे आली, डोळ्यांत पाणी. दोघींना एकच डीओ हवा होता आणि दोघी तिच्या मैत्रिणी. मी तिला उत्तर दिलं नाही. तिच्याबरोबर बसले आणि विचारलं, ‘कोणाला नाही म्हणणार आहेस, आणि का म्हणून सांगणार आहेस?’ तिने सांगून पाहिलं, माझ्यासमोर दोनदा, मग जाऊन खरंच सांगितलं. ‘नाही’ म्हणूनही संबंध टिकतात, हे तिला त्या दिवशी कळलं. आज ती एका मोठ्या अतिदक्षता विभागाची इन्चार्ज आहे. पद मिळायच्या आधी पदाचं खरं काम हातात पडावं, पाठीशी कोणी उभं असावं, आणि थोडं चुकायची मुभा असावी. इन्चार्ज घडवायची मला माहीत असलेली वाट ही आहे.

तुम्ही हे सहा महिन्यांत बसवू शकता. प्रत्येक वॉर्डातून एक किंवा दोन मुली निवडा. निवडताना ज्येष्ठता पाहा, पण नव्या मुली अडल्या की कोणाकडे जातात तेही पाहा. ते नाव बहुतेकदा यादीत खाली असतं. महिन्याला एक जबाबदारी द्या: एकदा ड्युटी लिस्ट, एकदा इंडेंट आणि क्रॅश कार्ट, एकदा नव्या मुलीची सोबत, एकदा बेडसोर आणि सलाईनच्या जागांची तपासणी, एकदा वॉर्डाच्या वतीने तुमच्या मीटिंगला येणं. जबाबदारीबरोबर अधिकारही द्यायला विसरू नका. मॉनिटर बंद पडला तर तिने थेट यंत्रं सांभाळणाऱ्या बायोमेडिकल विभागाला फोन करावा, तीन सह्यांची वाट पाहू नये. अधिकार नसलेली जबाबदारी दिली की माणूस फक्त शिव्या खायला उभा केल्यासारखा होतो.

एक गोष्ट मात्र सांभाळा. काही उत्तम नर्सना इन्चार्ज व्हायचंच नसतं. त्यांचं मन पेशंटजवळ रमतं, सापडत नसलेली शीर त्यांच्या बोटांना सापडते. अमेरिकेतल्या नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नवखी ते निष्णात असे नर्सचे पाच टप्पे मांडले, त्यातली ही पाचवी पायरी. अशा बाईला किल्ल्या देऊन टेबलाशी बसवलं की आपण एक निष्णात नर्स गमावतो आणि एक कष्टी इन्चार्ज कमावतो. तिला वेतनवाढ द्या, शिकवण्याचं काम द्या, नावामागे मान द्या, आणि वॉर्डातच राहू द्या.

आता चुकांबद्दल, कारण नेतृत्वाची खरी परीक्षा तिथे होते. एका रात्री साडेदहाला एका मुलीचा फोन आला. आवाज कापत होता. मधुमेहाच्या पेशंटला बारा युनिट इन्सुलिन द्यायचं होतं. वॉर्डातला साठा संपला होता म्हणून नातेवाइकांनी बाहेरून बाटली आणली होती. आपल्या वॉर्डात नेहमी ४० युनिटची, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेली, बाटली आणि तिच्याच मापाची लाल टोपीची सिरिंज असते. बाहेरून आलेली बाटली मिलिलिटरला १०० युनिटची, म्हणजे अडीचपट तीव्र होती. तिने सवयीने लाल टोपीच्या सिरिंजने बाराच्या खुणेपर्यंत भरलं. म्हणजे पेशंटला बाराऐवजी तीस युनिट गेलं. बाटली ठेवताना तिचं लक्ष लेबलाकडे गेलं.

मी विचारलं, ‘पेशंट शुद्धीवर आहे? जेवलाय? आत्ता शुगर किती?’ तिला म्हटलं, डॉक्टरांना फोन कर, त्याला आत्ता खायला दे, २५ टक्के डेक्स्ट्रोज उशाशी ठेव, दर अर्ध्या तासाने शुगर बघ, मी येते. आणि फोन ठेवायच्या आधी म्हटलं, ‘लगेच सांगितलंस, फार चांगलं केलंस.’ पहाटेपर्यंत आम्ही दोघी त्याच्याजवळ होतो. एकदा शुगर खाली आली, डेक्स्ट्रोज दिलं, सावरलं. नातेवाइकांना डॉक्टरांनी आणि मी मिळून काय झालं ते सांगितलं. सकाळी फ्रिज उघडला तर एकाच ट्रेमध्ये दोन्ही ताकदीच्या बाटल्या आणि डब्यात लाल आणि नारिंगी टोपीच्या सिरिंज एकत्र. चूक त्या मुलीच्या हातून झाली, पण तिची तयारी आम्ही सगळ्यांनी करून ठेवली होती. ट्रे वेगळे केले, १०० च्या बाटलीला मोठी चिकटपट्टी, आणि बाहेरून आलेलं इन्सुलिन दोघींनी पाहिल्याशिवाय द्यायचं नाही, हा नियम त्या मुलीनेच लिहिला. पुढच्या ओव्हरला तो तिनेच वाचून दाखवला.

तिला मेमो द्यायला हवा होता, असं मला एका वरिष्ठांनी सांगितलं होतं. मी म्हटलं, मेमो दिला असता तर पुढच्या वेळी बाटलीचं लेबल पाहून ती गप्प बसली असती, आणि पेशंट झोपेत गेला असता. याला अभ्यासाचाही आधार आहे. संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषधांच्या चुका अभ्यासल्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे निघाले: जिथे इन्चार्ज चांगली, मनमोकळी, तिथे नोंदलेल्या चुका जास्त. तिथे चुका लपवल्या जात नव्हत्या, हे त्याचं कारण. म्हणून एखाद्या वॉर्डातून वर्षभर एकही चूक कळली नाही, तर त्या इन्चार्जचं अभिनंदन करायच्या आधी रात्री त्या वॉर्डात जाऊन बसा. एक सीमारेषा मात्र पक्की ठेवा: जाणूनबुजून केलेला हलगर्जीपणा, न घेतलेला बीपी लिहिणं, ड्युटीवर नशा, याला माफी नाही. मुलींनाही ही रेषा हवीच असते.

डॉक्टरांशी बोलण्याचा सराव करून घ्या. अमेरिकेच्या नौदलात, अणुपाणबुड्यांवर थोडक्यात अहवाल देण्याची एक पद्धत होती, ती तिथल्या रुग्णालयांनी उचलली. चार पायऱ्या: आत्ता काय चाललंय, आधी काय झालंय, मला काय वाटतं, मला तुमच्याकडून काय हवंय. आपल्या मुली पहिल्या दोन व्यवस्थित सांगतात. तिसरीला अडखळतात, कारण ‘तू डॉक्टर आहेस का’ हे वाक्य कानात असतं. चौथी तर म्हणतच नाहीत. ‘सर, मला वाटतं आतून ब्लीडिंग होतंय, तुम्ही दहा मिनिटांत येऊन पाहावं असं मला वाटतं’, हे वाक्य मोठ्याने म्हणायचा सराव इव्हिनिंगच्या ओव्हरनंतर पाच मिनिटं करून घ्या. लाजतात, हसतात, मग जमतं. पण त्याआधी वैद्यकीय अधीक्षकांकडून लिहून घ्या की नर्सच्या फोनवर ओरडणं खपवून घेतलं जाणार नाही. तुमच्या बाजूने हा कागद नसेल तर मुलींना फोन करायला लावणं अन्यायाचं आहे.

सुरक्षिततेवर बोलताना माझा आवाज अजूनही जड होतो. २७ नोव्हेंबर १९७३ ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग ड्युटी संपवून तळघरात कपडे बदलत होत्या, तिथे त्यांच्यावर हल्ला झाला. त्या पुन्हा कधी उठल्या नाहीत. १८ मे २०१५ पर्यंत, जवळपास ४२ वर्षं, केईएमच्या परिचारिकांनी पिढी बदलली तरी त्यांना आपल्या घरच्यासारखं जपलं. या शुश्रूषेबद्दल आपण खूप बोलतो. कपडे बदलायला जागा कुठे होती, याबद्दल कमी बोलतो. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात ड्युटीवरची तरुण डॉक्टर विश्रांतीसाठी जिथे टेकली होती तिथेच तिचा जीव गेला. एकावन्न वर्षांत प्रश्न जागेचाच राहिला. त्यानंतर केंद्राने सूचना दिली की ड्युटीवरच्या कर्मचाऱ्यावर हिंसा झाली तर सहा तासांत संस्थेने तक्रार नोंदवायची. महाराष्ट्रात तर २०१० पासून कायदा आहे: आरोग्यसेवकावर हल्ला केला तर तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड. तक्रार संस्थेने करायची, मुलीने एकटीने पोलीस ठाण्यात बसायचं नाही, हे तुमच्या रुग्णालयात ठरलंय का? नसेल तर ते ठरवा. लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीतली नावं प्रत्येक चेंजिंग रूममध्ये लावा. त्याआधी तुम्ही स्वतः एकदा रात्री अकरा वाजता चेंजिंग रूमपर्यंत चालत जा. कडी लागते का, दिवा आहे का, वाटेत कोण बसलेलं असतं, हे पाहा. नर्सेसचं स्वच्छतागृह पेशंटच्या नातेवाइकांबरोबर असेल तर मुली बारा तास पाणी पीत नाहीत. मूत्रमार्गाच्या संसर्गाने रजेवर गेलेल्या किती तुमच्याकडे आहेत, ते जरा तपासून पाहा.

कौतुकाचं. १२ मे ला, परिचारिका दिनी, गुलाब द्या, कार्यक्रम करा, मुलींना आवडतं. पण वर्षभर लक्षात राहतं ते वेगळंच. डॉक्टरांच्या राउंडमध्ये पेशंटसमोर ‘हे सिस्टरांनी वेळेत पाहिलं’ असं कोणी म्हटलं, तर ती मुलगी ते वाक्य घरी जाऊन आईला सांगते. कंत्राटी, कायम, जीएनएम (नर्सिंगची पदविका), बीएस्सी (पदवी), ब्रदर (पुरुष नर्स), सगळ्यांना हे वाक्य सारखं मिळालं पाहिजे. बीएस्सीच्या मुलींना वरचं आणि जीएनएमच्या जुन्या सिस्टरना खालचं धरलं की वॉर्डाची दोन घरं होतात, आणि मग दोन्हीकडून माहिती अडते.

शेवटी तुमच्या त्या इन्चार्जबद्दल, जिने राजीनामा लिहून ठेवलाय. तिला ऑफिसात बोलावू नका. तिची इव्हिनिंग असेल त्या दिवशी तुम्ही तिच्या वॉर्डात जा, साडेसातनंतर, औषधांची फेरी संपली की. खुर्ची तिच्या टेबलाशेजारी ओढून बसा, समोर नाही. राजीनाम्याचा विषय काढू नका. आजच्या दिवसात तिने सगळ्यात जास्त वेळ कशावर घालवला ते विचारा, आणि तिच्याबरोबर एका कागदावर लिहून काढा. त्या यादीतली एक गोष्ट त्याच आठवड्यात तिच्या अंगावरून उतरवा, लिननचा हिशोब असेल तर लिननचा. मग पुढच्या आठवड्यात त्याच वेळी पुन्हा जा.